जर्नलचं टेम्प्लेट, बीमर आणि एक पान मराठी, तिन्हीकडे एकदम अडलेय

डिचोलीची_पोर

नमस्कार मंडळी. गणितात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष, राहते डिचोलीला, रोज कदंबने पणजी. हे बसमध्ये बसून मोबाइलवर टाइप करतेय आणि कीबोर्ड मराठीच ठेवलाय, त्यामुळे कमांडसुद्धा देवनागरीतच लिहिणार, सांभाळून घ्या.

पेपर १४ पानांचा आहे, लेटेकमध्ये (कमांड लिहून गणित छापायची प्रणाली), एएमएस-आर्ट क्लास (त्यातला एक ठरलेला साचा) वापरून लिहिलेला, आणि माझ्याकडे तो अगदी व्यवस्थित कंपाइल व्हायचा. गाइड म्हणाले अमुक जर्नलला पाठवूया, त्यांचं टेम्प्लेट घे. मी त्यांच्या साइटवरून झिप उतरवली, ओव्हरलीफवर (ब्राउझरमधलं लेटेक) नवीन प्रोजेक्ट केला, नमुन्यातला मजकूर पुसला आणि माझी फाइल वरपासून खालपर्यंत, प्रीअँबलसकट (सुरुवातीच्या सेटिंग्जच्या ओळी), त्यात चिकटवली. आता एररचा लाल आकडा ६३ दाखवतोय. गंमत म्हणजे पीडीएफ तरीही येतो, फक्त जिथे 'लेमा ३.२' पाहिजे तिथे दोन प्रश्नचिन्हं आणि शेवटची संदर्भयादी पूर्ण गायब.

दुसरं, चवथीच्या सुट्टीनंतर लगेच सेमिनार आहे, २० मिनिटं. पेपरातलाच मजकूर बीमरमध्ये (लेटेकचा स्लाइड्सचा क्लास) टाकला तर म्हणतं 'कमांड थिअरम ऑलरेडी डिफाइन्ड'. थिअरमची व्याख्या करणारी ओळ काढली तर चाललं, पण मुख्य सिद्धता स्लाइडच्या खालून पडून जाते, अर्धी दिसतच नाही. फॉन्ट स्क्रिप्टसाइझ केला तरी मावत नाही.

तिसरं म्हणजे आमच्या गावच्या हायर सेकंडरीत मुलांना याच विषयावर थोडं सोपं करून सांगायचंय, त्यासाठी एक पान मराठी सारांश हवा. पीडीएफलेटेकने (लेटेकचं नेहमीचं इंजिन) सरळ नकार दिला. झीलेटेक (युनिकोडवालं इंजिन) केलं तर पान कोरं. कुठूनतरी फॉन्ट दिला तर 'सिद्धता' शब्दातली पहिली वेलांटी भलतीकडे आणि 'द्ध'चा पाय मोडलेला तसाच दिसतो. घरी गणपतीची माटोळी बांधायची की हे करायचं, काही सुचेना झालंय. कोणी सांगेल का?

फोंड्याचा_टेकवाला

अगं आधी श्वास घे. ६३ एरर नसतात कधीच, दोन किंवा तीन असतात, बाकीच्या त्यांच्या पोरीबाळी. ओव्हरलीफ एरर आली तरी रेटून पुढे जातं आणि जमेल तसला पीडीएफ हातात देतं, म्हणून तुला वाटतंय चाललंय. कंपाइलच्या बटणाशेजारी बाण आहे, त्यात 'पहिल्या एररला थांब' असा पर्याय आहे तो लाव. मग फक्त पहिली एरर वाच, तिची ओळ क्रमांकासकट इथे टाक.

अंदाज सांगतो. तुझ्या प्रीअँबलमध्ये हायपररेफ (लिंका करणारं पॅकेज) असणार, रंगीत लिंकांसाठी कसलातरी ऑप्शन देऊन. जर्नलचा क्लास हायपररेफ स्वतःच आधी बोलावतो, त्याचे ऑप्शन वेगळे. एकच पॅकेज दोनदा दोन वेगळ्या अटींवर बोलावलं की 'ऑप्शन क्लॅश'. तुझी ओळ उडव, लिंकांचा रंग बदलायचाच असेल तर खाली हायपरसेटअपमध्ये बदल. जर्नलला पाठवताना मात्र रंगाच्या नादी लागू नकोस, ते कोणी बघत नाही.

संदर्भयादी गायब, याचं कारण बहुतेक वेळा फार साधं असतं, सांगायलाही लाज वाटेल इतकं. नव्या प्रोजेक्टमध्ये तुझी संदर्भांची बिब फाइल अपलोडच केलेली नसेल. बघ जरा.

आणि मूळ चूक कुठे झाली ते सांगतो कारण तीच तू पुढच्या जर्नलला परत करशील (पेपर परत येतो गं, माझा दोनदा आला). संपूर्ण फाइल चिकटवायची नसते. फाइलचे तीन तुकडे कर. एकात तुझे मॅक्रो (स्वतः केलेल्या छोट्या कमांड), म्हणजे नॉर्म, आर-एन, ऑपरेटरची नावं, लेमा-प्रमेयाच्या व्याख्या. दुसऱ्यात गाभा, प्रस्तावनेपासून शेवटच्या सिद्धतेपर्यंत, त्यात एकही पॅकेज नाही. तिसरी म्हणजे मुख्य फाइल, ती प्रत्येक जर्नलला वेगळी, त्यात त्यांचा क्लास, त्यांच्या पद्धतीने नाव-पत्ता, आणि शेवटी इनपुट कमांडने तुझे दोन तुकडे ओढायचे. बदलतं ते फक्त हे तोंड. एएमएस-आर्टला अॅबस्ट्रॅक्ट मेकटायटलच्या आधी लागतो, साध्या आर्टिकलला नंतर, एल्सेव्हिअरच्या एल्सआर्टिकलला सगळं फ्रंटमॅटरच्या आत. गाभ्याला याचं काही देणंघेणं नाही.

मॅक्रोचा फायदा माझ्या गाइडने शिकवला, म्हणजे त्रास देऊनच शिकवला. पेपर पूर्ण झाल्यावर म्हणाले नॉर्मला खाली एच लावा सगळीकडे. मी नॉर्म दोनशे ठिकाणी हाताने दोन-दोन दांड्या टाकून लिहिला होता. फाइंड-रिप्लेस केलं तर निरपेक्ष किमतीच्या दांड्याही बदलल्या, त्या परत शोधायला एक रविवार गेला. मॅक्रो असता तर एक ओळ.

डिचोलीची_पोर

दादा, बिब फाइल खरंच नव्हती. हसू नका. 🙈
हायपररेफची ओळ काढली, ६३ वरून ४ वर आले. आता पहिली एरर म्हणते लेमा आधीच डिफाइन्ड आहे.

फोंड्याचा_टेकवाला

तेच बीमरवालं दुखणं. या क्लासने प्रमेय, लेमा वगैरे स्वतः करून ठेवलेत, तू न्यूथिअरम कमांडने त्यांची परत व्याख्या करतेयस. त्या व्याख्या मॅक्रोच्या फाइलमधून काढून मुख्य फाइलमध्ये ठेव, म्हणजे ज्या क्लासला लागतील तिथेच राहतील. मी वर त्या मॅक्रोत ठेव म्हटलं ते चुकलंच माझं. आणि क्रमांक नीट यायला कंपाइल दोनदा लागतं, ओव्हरलीफ आपोआप करतं, घरच्या मशीनवर असशील तर पीडीएफलेटेक, बिबटेक (संदर्भयादी करणारं), मग परत दोनदा पीडीएफलेटेक.

बेतीकर

टेम्प्लेटचं चाललंय तर चालू दे, मी स्लाइड्सचं बोलतो कारण तिथे मी स्वतः तोंडावर पडलोय.

बीमरचं पान किती मोठं असतं माहितीय? डीफॉल्ट १२८ बाय ९६ मिलिमीटर. पोस्टकार्डाएवढं. फॉन्ट त्यात ११ पॉइंटच असतो, पण पोस्टकार्ड भिंतीएवढं करून दाखवतात म्हणून तो मोठा वाटतो. आता तूच सांग, ए-फोरच्या पानावरची सिद्धता पोस्टकार्डावर कशी मावेल. बीमर ओरडत नाही, पुढच्या स्लाइडवर ढकलत नाही, उरलेलं सरळ खाली पाडतं. अलाउ-फ्रेम-ब्रेक्स म्हणून एक ऑप्शन आहे तो लावलास तर ढकलेल, पण तो फक्त संदर्भयादीसाठी ठेव, सिद्धतेला लावू नकोस, श्रोत्यांना आधीच्या स्लाइडवर काय होतं ते आठवत नाही.

२० मिनिटांत पूर्ण सिद्धता कोणी ऐकत नाही गं. प्रमेय सांग, एक उदाहरण हाताने करून दाखव, सिद्धतेतली जी एक युक्ती आहे ती सांग, आणि कुठली अट काढली तर प्रमेय कोसळतं ते दाखव. माझ्या हिशेबाने १२ ते १४ स्लाइड्स पुरे, शीर्षकाची धरून. आणि स्लाइडवर 'समीकरण ३.७ वरून' असं लिहू नकोस, ऐकणाऱ्याने ३.७ कुठे बघायचं? ते समीकरण छोटं करून तिथेच परत लिही.

ओळी एकेक करून दाखवणाऱ्या पॉज कमांडच्या फार प्रेमात पडू नकोस. अलाइनच्या आत (एकाखाली एक समीकरणं) पॉज चालत नाही, गोंधळ घालतं, तिथे ओळीओळीला अनकव्हर वापर. ओन्ली वापरलंस तर ओळ आली की वरचं सगळं हलतं, कारण ओन्ली जागा राखून ठेवत नाही, अनकव्हर ठेवतं.

आता माझी फजिती. माझ्या ८ स्लाइड्स होत्या, प्रत्येक ओळीला पॉज. सरांना छापील प्रत पाहिजे होती म्हणून पणजीत एका झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह दिला आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर त्याच्या हातात ५३ कागद, पहिल्यावर एक ओळ, दुसऱ्यावर दोन ओळी, तिसऱ्यावर तीन, असं गोष्टीतल्या पुस्तकासारखं. बीमर प्रत्येक पॉजला नवीन पान करतं पीडीएफमध्ये, हे मला माहीतच नव्हतं. पैसे दिले, बेतीची फेरीबोट सुटली, धक्क्यावर उभा राहून ते ५३ कागद चाळत बसलो. तर डॉक्युमेंटक्लासच्या चौकोनी कंसात 'हँडआउट' असा एक शब्द टाक, प्रत्येक स्लाइडचं एकच पान होतं. भाषणाला एक पीडीएफ, छापायला दुसरा.

हॉलमधला प्रोजेक्टर जुना असेल तर आधी जाऊन बघून ये. तू १६:९ करून नेशील आणि तो ४:३ निघेल. पिवळा आणि पोपटी रंग अजिबात नको, प्रोजेक्टरवर दिसत नाहीत. उजव्या कोपऱ्यातली ती फिकट नेव्हिगेशनची बटणं काढून टाक, आजवर कोणी दाबलेली मी पाहिली नाहीत.

सांगेकर

एक शंका बेतीकर, बीमरमध्ये आर्टिकल मोड आहे ना, एकाच फाइलमधून पेपरही आणि स्लाइड्सही? मग दोनदा लिहायचंच कशाला.

बेतीकर

आहे, आणि मी करून बघितलंय. लेक्चर नोट्सना मस्त, वर्गात स्लाइड दाखवायच्या आणि मुलांना त्याच फाइलच्या नोट्स द्यायच्या. पेपरला नाही. पेपरातलं वाक्य वाचायचं असतं आणि स्लाइडवरचं डोळ्यांनी टिपायचं असतं, एकाच फाइलमध्ये ठेवलं की एकाला लिहिताना दुसऱ्याचं बिघडतं. शेवटी माझ्या फाइलमध्ये 'हे फक्त लेखात, हे फक्त स्लाइडवर' अशाच कमांड गणितापेक्षा जास्त झाल्या होत्या. फोंड्याच्या टेकवाल्याने सांगितलेली मॅक्रोची फाइल मात्र दोन्हीकडे तीच वापर, म्हणजे चिन्हं तरी सारखी राहतील.

निवृत्त_मास्तर

बाळ, तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही म्हणून मी लिहितो. माझं टायपिंग हळू आहे आणि बोलणं लांबतं, दोन्हीबद्दल माफी.

पीडीएफलेटेकला देवनागरी येत नाही यात तुझी चूक नाही. आमच्या वेळी तर रोमन अक्षरांत टाइप करायचं, व्हेल्थुइस नावाच्या डच माणसाने १९९१ मध्ये केलेल्या प्रीप्रोसेसरमधून ती फाइल काढायची, आणि मग टेकला द्यायची. एक मात्रा चुकली की परत पहिल्यापासून. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक आलं आणि संगणकातला कुठलाही युनिकोड फॉन्ट सरळ वापरता यायला लागला, तेव्हा मी खरोखर खुर्चीतून उठलो होतो.

तुझं पान कोरं आलं कारण झीलेटेकचा ठरलेला फॉन्ट लॅटिन मॉडर्न, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. ते एरर देत नाही, लॉगच्या तळाशी 'मिसिंग कॅरेक्टर' एवढंच पुटपुटतं. नंतर फॉन्ट दिलास तेव्हा अक्षरं आली पण त्यांना जोडायचं कसं हे कोणी सांगितलं नाही. 'सिद्धता' लिहिताना वेलांटी संगणकात स नंतर साठवलेली असते, दिसायला स च्या आधी यावी लागते, आणि द, हलन्त, ध मिळून एक अक्षर व्हावं लागतं. हे काम फॉन्टमधल्या नियमांचं, पण ते नियम चालू करायला फॉन्टस्पेक पॅकेजमध्ये फॉन्टच्या नावाबरोबर 'स्क्रिप्ट = देवनागरी' हा ऑप्शन द्यावा लागतो. एवढी एक गोष्ट राहिलीय तुझी. फॉन्ट नोटो सेरिफ देवनागरी घे, ओव्हरलीफवर मिळाला नाही तर टीटीएफ फाइल प्रोजेक्टमध्ये टाकून तिचं नाव दे. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी म्हणून फॉन्ट आहे, मला तो आवडतो. हिंदी वळणाचा श बघितला की मला परीक्षेच्या पेपरात कोणीतरी लाल शाई सांडल्यासारखं होतं.

छापून झाल्यावर तीन शब्द डोळ्यांनी तपास. 'सिद्धता', 'दुसऱ्या' आणि 'प्रत्यक्ष'. 'दुसऱ्या'तला अर्धा र आडव्या पापणीसारखा आला पाहिजे. तो रफार होऊन य च्या डोक्यावर चढला असेल तर टाइप करताना ऱ ऐवजी साधा र पडलाय. समीकरणांना काही करायचं नाही, त्यांचा फॉन्ट वेगळा असतो. फक्त समीकरणाच्या आत 'जर' किंवा 'तर' लिहायचं असेल तेव्हा टेक्स्ट कमांडमध्ये ठेव, नाहीतर ते शब्द नाहीसे होतील. प्रूफच्या जागी 'सिद्धता' यायला हवं असेल तर प्रूफनेम ही कमांड रीन्यूकमांडने बदल.

तुझा विषय काय गं? मुलांना काय सांगणार आहेस?

डिचोलीची_पोर

सर, यादृच्छिक प्रक्रिया, त्यात कारुनेन-लोएव्ह विस्तार (प्रक्रिया ठरावीक फंक्शनांच्या बेरजेत मांडायची रीत) वापरलाय. मुलांना कोसंबींपासून सुरू करून सांगायचा विचार आहे.

निवृत्त_मास्तर

मग तर फारच छान. दा. ध. कोसंबींचा याच विस्तारावरचा निबंध १९४३ चा, जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीमध्ये आला. कारुनेन आणि लोएव्ह यांचं नाव लागलं, कोसंबींचं आता आता लोक जोडायला लागलेत. १९०७ साली इथेच गोव्यात जन्मलेला माणूस, वडील धर्मानंद साखवाळचे, हे मुलांना सांग, त्यांना इतिहासाच्या पुस्तकातले कोसंबीच माहीत असतात, तेही असले तर.

आता यातही एक खोच आहे म्हणून सांगतो. बिबटेकच्या प्लेनसारख्या स्टाइल लेखाच्या शीर्षकात पहिलं अक्षर सोडून बाकी सगळी लहान लिपीत करतात. तुझ्या यादीत एखाद्या लेखाच्या शीर्षकात कोसंबींचं नाव असेल तर त्यांचा के लहान होऊन छापला जाईल, कारुनेनचाही तसाच. शीर्षकातल्या प्रत्येक विशेषनामाला महिरपी कंस घाल, मग त्याला हात लागत नाही. लोएव्हच्या ई वर उलटी मात्रा असते, तीही कंसात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात रीमान, हिल्बर्ट, फूरिए सगळे लहान लिपीत गेले होते आणि बाहेरच्या परीक्षकाने तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच विचारला.

टेक तयार करणारे डोनाल्ड क्नूथ स्वतः गणिताचे पीएचडी, आपल्याच पुस्तकाच्या छपाईला वैतागून त्यांनी १९७७-७८ मध्ये हे काम हातात घेतलं, आणि टेकची आवृत्ती दर सुधारणेला पायच्या (π) एक अंक जवळ जाते, आता ३.१४१५९२६५३ वर आहे. हे तुझ्या प्रश्नात बसत नाही, पण मुलांना सांग, हसतील.

वास्कोचा_विश्या

सगळं वाचलं, डोकं दुखलं. टाइप्स्ट (लेटेकऐवजी वापरायची नवी प्रणाली) वापरा ना लोकहो, क्षणात कंपाइल होतं आणि एरर माणसासारख्या वाचता येतात. बॅकस्लॅशची गरजच नाही.

फोंड्याचा_टेकवाला

विश्या, मीपण घरी नोट्सना वापरतो, छान आहे. पण तिला जर्नलने लेटेकचं टेम्प्लेट दिलंय ना रे. पेपर स्वीकारल्यावर ते सोर्स मागतात, तेव्हा काय देणार.

आणि हो, आर्काइव्हवर (छापण्याआधी पेपर सगळ्यांसाठी ठेवायची साइट) टाकणार असशील ना पेपर, तर एक लक्षात ठेव डिचोलीवाली. टेकमध्ये लिहिलेलं असेल तर ते सोर्स फाइलच घेतात, नुसता पीडीएफ परत पाठवतात, आणि तो सोर्स नंतर जगात कोणालाही उतरवता येतो. म्हणजे तू टक्क्याच्या चिन्हामागे ज्या कॉमेंट लिहून ठेवल्यास त्यासकट. 'हे गाइडला पटणार नाही', 'इथे काहीतरी गडबड आहे, नंतर बघू', सगळं. एकदा चाळून पूस.

डिचोलीची_पोर

अरे देवा. माझ्या फाइलमध्ये ११९ व्या ओळीला अगदी हेच वाक्य आहे, शब्दशः म्हटलं तरी चालेल. पुसलं.

हिशेब देते. जर्नलची फाइल शून्य एरर, दोन ओव्हरफुल एचबॉक्स (समासाबाहेर गेलेल्या ओळींचे इशारे) उरलेत, एक लांब समीकरण मल्टलाइनमध्ये तोडलं की त्यातला एक जाईल. संदर्भयादीत कोसंबी खरंच लहान के घेऊन बसले होते, मास्तरांनी सांगितलं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं, महिरपी कंस घातले. स्लाइड्स २६ वरून १३ वर आणल्या, सिद्धता काढून टाकली आणि फक्त ती आयगेनफंक्शनवाली युक्ती ठेवली, गाइडना दाखवल्यावर ते काही बोलले नाहीत, म्हणजे आवडलं असावं.

मराठी पानावर 'सिद्धता' सुंदर आलीय, 'प्रत्यक्ष'ही. 'दुसऱ्या'तला र मात्र अजून य च्या डोक्यावर आहे. मोबाइलवर टाइप करून पाठवलेला मजकूर होता तो, साधा र पडलाय बहुतेक सगळीकडे. आज रात्री वीज टिकली तर एकेक शोधून बदलते. हँडआउटवाला पीडीएफ वेगळा केलाय, उद्या सकाळी छापायला देणार आणि चहाला अजिबात जाणार नाही, तिथेच उभी राहणार. देव बरें करूं सगळ्यांचं.

बेतीकर

आधी त्याला पानं किती आहेत ते विचार. १३ च्या वर आकडा सांगितला तर पेनड्राइव्ह काढून घे.